किल्लीदार

"दिगू, अरे किल्लीदार मेला! हातातलं टाक आणि ये बघू."

नलूकाकूंचा फोन आला तेव्हा मी दुकानाचं शटर अर्धं वर करून त्याखाली वाकलो होतो. तसाच वाकलेला राहिलो. ज्या घरी त्या दिवशी दहन व्हायचं होतं, त्याच घरातून असा फोन आल्यावर माणसाचं दुसरं काय होणार?

"काकू, जरा दमानं. काय झालं?"

"काल टॅबने अपडेट की काय ते घेतलं. आज बघते तर फोटोंच्या खात्यातून मला बाहेर काढलंय. पासवर्ड द्या म्हणतंय. एरवी वर्षाकाठी एकदा विचारतं मेलं, पण तेव्हा अंगठा टेकवला की आपोआप भरतं. आज अंगठा झिजायची पाळी आली तरी ढिम्म. आणि गुरुजींना निरंजनचा फोटो हवाय."

"येतो," म्हटलं आणि शटर पुन्हा खाली ओढलं.

किल्लीदार हे माणसाचं नाव नव्हे. सगळे पासवर्ड एका जागी जपणारं आणि वेळ आली की आपणहून भरणारं एक ॲप असतं, त्याला निरंजनने दिलेलं हे नाव. निरंजन सरपोतदार हा नलूकाकूंचा एकुलता एक मुलगा, माझा बालमित्र, आणि राजापूरच्या स्टँडसमोरच्या आमच्या कॉम्प्युटरच्या दुकानात माझा भागीदार. डोकं त्याचं, माझ्याकडे स्क्रू-ड्रायव्हर आणि तोंडाची टकळी. खंडेनवमीला दोघं मिळून कॉम्प्युटरना झेंडू वाहायचो आणि शेजारच्या टपरीवरची भजी खायचो. "लोक एकच पासवर्ड सगळीकडे लावतात दिगू, म्हणजे देवघराला आणि संडासाला एकच किल्ली," असं तो म्हणायचा. घरच्या सगळ्यांसाठी त्याने एकच किल्लीदार बसवला. त्याची मूळ किल्ली त्याला आणि त्याच्या बायकोला, शलाकावहिनींना, ठाऊक. काकूंनी नुसता अंगठा टेकवायचा.

त्या दिवसाच्या सात वर्षं आधी, भाद्रपदातल्या एका संध्याकाळी त्याची स्कूटर खाडीपुलावर उभी सापडली. आरशावर हेल्मेट, कठड्यापाशी चपला. होड्या फिरल्या, जाळी टाकली, पार समुद्राच्या तोंडापर्यंत लोक जाऊन आले. हाताला काही लागलं नाही. ओहोटीने ओढून नेलं असणार, असं सगळ्यांनीच धरून चाललं. त्याची मुलगी गार्गी तेव्हा पाळण्यात होती.

त्या सकाळी नवराबायकोचं भांडण झालं होतं. कारण फुटकळ. सिलिंडर संपला, दुसरा आणायचा राहिला, त्यात तान्हं पोर रडत होतं. वहिनी त्याला म्हणाल्या होत्या, "तू असून नसल्यासारखाच आहेस. नसलास तरी चालेल." हे त्यांनी कुणापासून लपवलं नाही. पोलिसांना सांगितलं, काकूंना सांगितलं, मला सांगितलं. आपल्या तोंडच्या शब्दांनी माणूस गेला, हे त्यांच्या मनातून काही केल्या जाईना. लॅबमध्ये दिवसभर दुसऱ्यांचं रक्त तपासायच्या, घरी येऊन पोरीचं सगळं करायच्या, पण हसू म्हणून नाही. कोर्टाने निरंजनला मृत ठरवलं तेव्हा त्या मला म्हणाल्या, "भावजी, मला त्याची एकदा माफी मागायचीय. हवेची कशी मागू? माती नाही, राख नाही, काहीच नाही."

म्हणून हा पालाशविधी. देह सापडत नाही त्याचा पळसाच्या देठांचा पुतळा करायचा आणि त्याला अग्नी द्यायचा. काकूंनी वर्षानुवर्षं हे होऊ दिलं नव्हतं. "प्रेत दाखवा, मग रडते," म्हणायच्या आणि रोज संध्याकाळी पोराचं ताट मांडायच्या. ते ताट पुसून ठेवायचं काम गार्गीचं. एके दिवशी ती म्हणाली, "आजी, बाबा जेवतच नाहीत तर मी हे रोज का पुसू?" दुसऱ्या दिवशी काकूंनी स्वतःच गुरुजींना बोलावणं धाडलं.

मी पोचलो तेव्हा आठल्ये गुरुजी पडवीत बसून देठांच्या जुड्या दर्भाने बांधत होते. हात झाले होते, पाय झाले होते. डोक्यासाठी सोललेला नारळ बाजूला ठेवलेला आणि त्याच्याशेजारी निरंजनचा निळ्या चौकड्यांचा शर्ट, इस्त्री केलेला. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो.

"गुरुजी, समजा, असं सगळं केलं आणि माणूस परत आला तर?"

"शास्त्रात तीही सोय आहे," गुरुजी गाठ मारता मारता म्हणाले. "त्याने नव्याने जन्म घ्यायचा. जातकर्म, बारसं, मुंज, सगळं पहिल्यापासून. स्वतःच्याच बायकोशी पुन्हा लग्न लावायचं."

"म्हणजे खर्चात पडायचं काम," मी म्हटलं. गुरुजी गालात हसले. आतून वहिनींनी हाक मारली, "भावजी, आधी टॅब बघा. वेळ होतोय."

गार्गीला मावशीकडे पाठवलं होतं. काकू माजघरात झोपाळ्यावर टॅब मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी शेजारी टेकलो. हा रोग माझ्या नेहमीच्या ओळखीचा. मोठं अपडेट आलं की टॅब आपल्या मनाने जुना नोकर काढून स्वतःचा माणूस कामाला ठेवतो, म्हणजे पासवर्ड भरायचं काम आमच्या ॲपकडून काढून घेतो. सेटिंगमध्ये जायचं, पुन्हा आमच्या ॲपच्या नावावर टिचकी मारायची, झालं. लोकांना वाटतं मी मोठा वैद्य आहे. मी त्यांना तसं वाटू देतो.

"थांब," काकू म्हणाल्या. "सेटिंगं मागाहून कर. पासवर्ड मला तोंडपाठ आहे. निरंजननेच शिकवलाय. मीच लिहिते, तेवढीच त्याची आठवण."

त्यांनी एकेक अक्षर शोधत शोधत लिहिलं. टॅब म्हणाला, चुकीचा पासवर्ड.

"काकू, चष्मा लावा."

"लावलाय. तूच लिही."

त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेलो. पुन्हा तेच. पण या खेपेला खाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ आली: हा तुमचा जुना पासवर्ड आहे, तो पूर्वीच बदललेला आहे.

"वहिनी," मी स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं, "फोटोंचा पासवर्ड तुम्ही कधी बदललात का?"

त्या हात पुसत बाहेर आल्या. "मी कशाला बदलू? तो कसा दिसतो तेही मला ठाऊक नाही. कधी लिहावाच लागला नाही. विचारलं की आपोआप भरला जातो."

"मग कुणीतरी बदललाय."

"हॅकर का काय ते?" काकू म्हणाल्या. "पण त्याला आमच्या फोटोंत काय मिळणार? गार्गीच्या गॅदरिंगचे नाच?"

मला हसू आलं. मी काकूंचा अंगठा टेकवून घेतला आणि किल्लीदार उघडला. अपडेटने त्याचा तोंडवळा पार बदलला होता. जुन्या ॲपमध्ये नुसती नावं दिसायची. नव्यात नावावर बोट ठेवलं की त्याचा इतिहास उलगडत होता: पासवर्ड कधी ठेवला, कधी कधी बदलला, सगळं तारीखवार. गार्गीच्या जन्मानंतर उघडलेल्या फोटोंच्या खात्यावर मी बोट ठेवलं.

बदल एकदा झालेला नव्हता. दरवर्षी एकदा, असा झाला होता. शेवटचा अगदी अलीकडे, या ऑक्टोबरात. आणि पहिला बदल निरंजन गेला त्याच वर्षी, तो गेल्यानंतर महिन्याभराने.

हॅकर असा शिस्तीचा नसतो. तो आला की लुटतो आणि जातो. दर साल येऊन कुलूप पुसून तेल घालत बसत नाही. मी तारखा पुन्हा पाहिल्या. धड एकीचा दुसरीशी मेळ नाही. कधी ऑक्टोबरच्या सुरुवातीला, कधी मध्यावर, एकदा थेट महिन्याच्या शेवटाकडे. कसला ठरलेला दिवस म्हणावा तर तारीख एक नको का?

"मघाशी काय म्हणालात काकू? वर्षाकाठी एकदा विचारतं? कधी विचारतं?"

"दसऱ्याच्या आसपास. हो की नाही गं शलाका? आपण आपट्याची पानं आणायला निघतो आणि नेमकं तेव्हाच हे विचारत बसतं."

मी माझ्या फोनवर पंचांग उघडलं आणि एकेका वर्षाची तिथी काढून तारखांशी ताडून पाहिली. पहिली जुळली. दुसरी जुळली. पुढच्या बघायची गरज नव्हती, तरी मी सगळ्या पाहिल्या, एखादी तरी चुकू दे म्हणून. एकही चुकली नाही. सगळ्याच्या सगळ्या खंडेनवम्या होत्या.

झेंडू वाहून, भजी खाऊन झाली की निरंजन खुर्ची पुढे ओढायचा आणि दुकानातले, घरातले सगळे पासवर्ड बदलायचा. दर खंडेनवमीला. "हत्याराला वर्षातून एकदा धार लावायची असते," म्हणायचा. गिऱ्हाइकं त्याची टिंगल करायची. असलं खूळ अख्ख्या मुलखात दुसऱ्या कुणाचं असेल, असं मला आजही वाटत नाही.

"भावजी, काय झालं? तुमचा चेहरा असा का झालाय?" वहिनींनी विचारलं.

टकळी बंद पडायची ती माझ्या आयुष्यातली एकच वेळ. मी टॅब त्यांच्यासमोर धरला आणि तारखांवर बोट ठेवत गेलो. त्याचं खूळ त्यांनाही ठाऊक होतं. मी फक्त "खंडेनवमी" म्हटलं.

त्या भिंतीशी जाऊन खाली बसल्या.

"नाही," त्या म्हणाल्या. "नाही हो भावजी. ते आपोआप होत असेल. मशीनच बदलत असेल, त्याने तसं लावून ठेवलं असेल."

तसं होत नाही, हे मला माहीत होतं. तरी त्यांच्यासाठी मी पुढे शोधलं. नव्या ॲपमध्ये आणखी एक पान होतं, किल्लीदार कुठकुठल्या फोनवर चालू आहे आणि त्यातलं फोटोंचं खातं तिथे शेवटचं कधी उघडलं ते सांगणारं. काकूंचा टॅब. वहिनींचा मोबाईल. आणि खाली तिसरा एक मोबाईल, शेवटचा वापर काल संध्याकाळी.

"हा कुणाचा?" काकूंनी विचारलं. इतका वेळ त्या एकदा माझ्याकडे, एकदा सुनेकडे बघत होत्या.

मग त्याच म्हणाल्या, "पासवर्ड काय ठेवलाय, ते दिसतं का रे?"

पासवर्डवर ठिपके होते. शेजारी डोळ्याचं चित्र असतं, ते दाबलं की अक्षरं दिसतात. मी सर्वांत जुन्याचा डोळा दाबला. रोमन अक्षरांत लिहिलं होतं, मागे एकदोन आकडे. मी वाचलं, "गार्गी कुशीवर."

वहिनींनी तोंडावर हात घेतला.

पुढचा दाबला. "गार्गी चालते." त्याच्या पुढचा. "गार्गी बोलते." मग "गार्गी बालवाडी". मग "गार्गी डावखुरी". मग "गार्गी सायकल". मग "गार्गी पहिली". आणि आत्ताचा, ज्याने ते खातं उघडणार होतं तो, "गार्गी दात पडला".

डोळे पुसून बघतो तर वहिनी रडत नव्हत्या. भिंतीला टेकून समोर बघत होत्या, आणि एखादी गोष्ट पाठ म्हणावी तसं बोलत होत्या.

"कुशीवर वळली तेव्हा खाडीत अजून होड्या फिरत होत्या. मी तिचा फोटो काढला. सगळे म्हणाले, हिला आत्ता फोटो सुचतात! मी काढला कारण मला वाटलं, तो परत आला तर हे त्याला कुठे बघायला मिळणार? म्हणून काढला. रोज काढत गेले. माझ्या फोनवर काढलेला फोटो आपोआप त्या खात्यात जातो, त्यानेच तशी सोय केली होती." त्या थांबल्या. "तो तिकडे बसून बघत होता. मी इथे रोज मरत होते आणि तो आमचे फोटो बघत होता."

"जिवंत आहे," काकू म्हणाल्या. "दिगू, म्हणजे माझा निरंजन जिवंत आहे ना रे?"

"हो काकू."

त्यांनी देवघराच्या दिशेने हात जोडले. मला वाटलं आता त्या गुरुजींना थांबवायला धावतील. मीही उठलो. वहिनी मात्र हलल्या नाहीत.

"आई, काल संध्याकाळी मी पळसाच्या पानांचा फोटो काढला होता," त्या म्हणाल्या. "पानांचा आणि त्याच्या शर्टाचा. गार्गी मोठी झाल्यावर तिला दाखवायला. काल संध्याकाळी."

काकूंनी हात सोडले. टॅब जवळ ओढून त्यांनी त्या तिसऱ्या मोबाईलचं नाव पुन्हा वाचलं.

"म्हणजे त्याला ठाऊक आहे," काकू म्हणाल्या. "आज त्याची आई त्याला जाळणार आहे हे त्याला कालपासून ठाऊक आहे. फोन केला नाही त्याने."

"काकू, काही अडचण असेल..." मी म्हणून गेलो. मित्रच तो माझा. दोष द्यायला जीभ वळत नव्हती.

"सात वर्षं अडचण?" काकू कडाडल्या. त्यांचा तो आवाज मी त्यापूर्वी ऐकला नव्हता. "दसऱ्याला ते विचारायचं आणि मी अंगठा टेकवायचे. तेव्हा तो पलीकडे होता. मी इकडे ताट मांडत होते रे, तो पलीकडे होता!"

मग त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि त्या उठून उभ्या राहिल्या. "गुरुजींना सांग, फोटो राहू दे. नुसत्या शर्टावर भागवा. चला, उशीर होतोय."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. वहिनीही चमकून वर बघू लागल्या.

"आई, अहो तो..."

"मेलेल्याची वाट मी कधी पाहिलीच नाही, शलाका. जिवंताची पाहत होते. लोक हसले तरी पाहत होते. तो जिवंत असून आला नाही, मग मी आता कुणाची वाट बघू?" त्यांनी सुनेचा दंड धरून तिला उठवलं. "आला तर येऊ दे. गुरुजी म्हणालेत ना, बारसं करावं लागतं. करू. नाव मी ठेवीन."

"आणि लग्न?" वहिनींनी विचारलं.

"ते तुझं तू ठरव," काकू म्हणाल्या.

आणि शलाकावहिनी हसल्या. सात वर्षांत मी पहिल्यांदा त्यांना हसताना पाहिलं.

नदीकाठी आम्ही मोजकीच माणसं होतो. पुतळ्याला शर्ट घातला होता, नारळावर दर्भ. उन्हात लांबून पाहिलं तर खरोखरच कुणी निजल्यासारखं वाटत होतं. पत्नीला अधिकार आहे म्हणून अग्नी वहिनींनीच द्यायचा होता. गुरुजींनी रीतीप्रमाणे विचारलं, "मनात काही शंका नाही ना?"

"होती," वहिनी म्हणाल्या. "आता नाही."

माफी मागायची ती हीच वेळ. गुरुजी त्यासाठी थांबलेही. वहिनी त्या निळ्या चौकड्यांच्या शर्टाकडे बघत म्हणाल्या, "तू असून नसल्यासारखाच होतास. मी खोटं बोलले नव्हते." आणि त्यांनी पळसाला अग्नी लावला. वाळलेले देठ ते, भडाभडा पेटले.

गुरुजी माझ्याकडे बघायला लागले. मी नदीकडे बघत राहिलो.

"भावजी," वहिनींनी आपला मोबाईल माझ्या हातात दिला, "फोटो काढा. चांगला काढा. शर्ट दिसला पाहिजे. आणि आम्ही दोघी."

मी काढला. सासू-सून पेटत्या पुतळ्याशेजारी उभ्या, दोघी सरळ मोबाईलकडे बघत. काठावर रेंज बेताचीच होती. फोटोच्या कोपऱ्यात ढगाचं बारीक चित्र फिरत राहिलं, आणि मग तिथे बरोबरची खूण आली. फोटो वर पोचला होता.

घरी येऊन आंघोळी झाल्या. वहिनींनी चहा टाकला. काकूंनी टॅब घेतला, माझ्याकडून तेच पान उघडून घेतलं आणि मांडीवर ठेवला. तिसऱ्या मोबाईलसमोर लिहिलं होतं: शेवटचा वापर, आत्ता.

"बघितला त्याने," मी म्हटलं.

"आता काय करता येतं?" वहिनींनी विचारलं.

"मूळ किल्ली तुम्हाला ठाऊक आहे. ती बदलायची, फोटोंचा पासवर्ड बदलायचा आणि हा मोबाईल काढून टाकायचा. मग त्याला काही दिसणार नाही. त्याने मूळ किल्ली कधी बदलली नाही. बदलली असती तर तुमचं बंद पडलं असतं आणि तुम्हाला कळलं असतं."

"हुशार," वहिनी म्हणाल्या. "पहिल्यापासूनच हुशार."

त्यांनी दोन्ही किल्ल्या बदलल्या, स्वतः, टॅब आमच्यापासून वळवून. राहिला तो मोबाईल. नावापुढे लाल अक्षरांत 'काढून टाका' असं होतं. ते दाबलं तर टॅबने खात्रीसाठी अंगठा मागितला. अंगठा काकूंचा होता.

काकूंनी बोट पुढे केलं आणि मागे घेतलं.

"चहा होईतो थांबू," त्या म्हणाल्या. "फोन करायचा तर करू दे त्याला."

आम्ही तिघांचेही मोबाईल झोपाळ्यावर मांडून ठेवले. चहा उकळला, उतू जायला आला, वहिनींनी आच कमी केली. तो आटत गेला तरी कुणी उतरवला नाही. मी मनातल्या मनात त्याला शिव्या देत होतो आणि हातही जोडत होतो. कर रे. एकदा रिंग दे. नुसता खोकलास तरी चालेल.

काकूंचा मोबाईल वाजला.

वहिनींच्या हातातली पक्कड खाली पडली. काकूंनी मोबाईल कानाला लावला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला.

"आजी, मला न्यायला कधी येताय? मावशीने केलेलं थालीपीठ मी दोनदा खाल्लं."

"आत्ता येते हो सोन्या," काकू म्हणाल्या. "निघालेच मी."

त्यांनी मोबाईल ठेवला, अंगठा पदराला पुसला आणि टॅबवर टेकवला. ते नाव गेलं.

पुढचं सांगण्यासारखं फार नाही. आठवड्याच्या आत वहिनी स्वतः पोलिसांत आणि वकिलाकडे जाऊन आल्या. माझा नवरा मेलेला नाही, सोडून गेलेला आहे, तसं लिहून घ्या म्हणाल्या. कागदपत्रं बदलायला वर्षं गेली, पण बदलली. निरंजन का गेला ते आम्हाला कधी कळलं नाही. आज गार्गी कॉलेजात आहे. तिला सगळं ठाऊक आहे. खंडेनवमीला पासवर्ड बदलायचं काम तिच्याकडे असतं.

पण त्या दुपारी, काकू गार्गीला आणायला पायात चपला घालत असताना, मला आठवलं की ज्या कामासाठी मला बोलावलं होतं ते तसंच राहिलंय. मी टॅब उचलून सेटिंगमध्ये गेलो.

"काय करतोस रे?"

"काकू, ते आपोआप भरणं बंद पडलंय ना? चालू करून देतो. एका टिचकीचं काम."

"राहू दे," काकू उंबऱ्यातून म्हणाल्या. "विचारू दे त्याला दर वेळी. मी हाताने लिहीन."